अडीनडीचे पैसे: बेगमी वेगळी, बियाण्याची मुडी वेगळी

मागच्या वर्षी बचत गटाच्या मीटिंगला आमच्या वाडीतली एक जण मोबाईल पुढे करतच आली, म्हणाली वैनी हे बघा, आणि एक रील दाखवलं. त्यात कोट घातलेला एक मुलगा सांगत होता की प्रत्येकाकडे सहा महिन्यांच्या पगाराएवढा इमर्जन्सी फंड पाहिजेच पाहिजे. सगळ्या हसल्या. एक म्हणाली, सहा महिन्यांचं राहूदे, आधी पगार कोण देतो ते विचार त्याला.

मी गटाचा हिशोब लिहिते, अकरा वर्षं झाली. घरी शिवणकाम करते, आमचे हे हर्णै बंदरात बोटीवर खलाशी आहेत, सासूबाई आहेत, दोन मुलं शाळेत. म्हणजे मी काय पैशातली तज्ज्ञ वगैरे नाही पण कोणाच्या घरात कधी पैसे संपतात हे मला माझ्या वहीतनं कळतं. आणि त्या रीलवाल्याचं तसं चुकलं नव्हतं, फक्त त्याचं गणित दर एक तारखेला पगार होणाऱ्या घराचं होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या घराला ते जसंच्या तसं लागू होत नाही. म्हणून मी त्या दिवशी मीटिंगमध्ये जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहिते.

आधी हे बघा की आपल्याकडे पैसा येतो कसा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, ६१ दिवस. त्यात खलाशाला एकतर काहीच नाही किंवा मालकाकडनं थोडी उचल, जी पुढे कापून जाते. आंबावाल्यांचं अजून वेगळं, वर्षभर फवारणी, राखण, खत आणि पैसा येणार तो मार्च ते मे, तोही दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येईल तेव्हा आणि आधी घेतलेली उचल वजा होऊन. रिक्षावाला, खानावळवाला, होमस्टेवाला, ह्यांचं दिवाळी, नाताळ आणि मे महिना चालतं, बाकी माश्या मारा. असल्या घराला "महिन्याच्या उत्पन्नाचे दहा टक्के बाजूला टाका" सांगून काय उपयोग, कुठल्या महिन्याच्या?

पण आपल्याला बचत येत नाही असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात आपण काय करतो बघा. बोंबील, सुकट वाळवून डब्यात, आमसुलं, कुळीथ, मसाला कुटून, मीठ, कांद्याच्या माळा, पडवीत लाकडं रचून, कौलं चाळून. आगोट भरणं म्हणतात ह्याला, बेगमी. आपल्या आज्या-पणज्या चार महिने पुढचं बघत होत्या आणि त्यांना कोणी रील दाखवलं नव्हतं.

आता गोंधळ कुठे होतो तर इथे. पावसाळा येणार हे माहीत आहे. बंदीची तारीख पण माहीत आहे. गणपती येणार, जूनमध्ये वह्या-पुस्तकं येणार, छपरावर प्लास्टिक घालावं लागणार, सगळं माहीत आहे. मग ती अडीनडी कशी झाली? तो ठरलेला खर्च झाला, त्याची बेगमी करायची. अडीनडी म्हणजे ज्याची तारीख माहीत नाही ते. ह्यांचा हात दोरात अडकून बोटं चिरडली ते, सासूबाईंना रात्री दोन वाजता धाप लागली ते, शिलाई मशीनची मोटर ऐन लग्नसराईत जळली ते. बेगमीचे पैसे आणि अडीनडीचे पैसे एकाच डब्यात ठेवले की गणपतीत डबा रिकामा होतो (गणपती पण बरोबर अशा वेळी येतात की बोटी नुकत्याच सुरू झालेल्या, हातात पैसा यायला नुकती सुरुवात, आणि चाकरमानी मुंबईहून दारात) आणि मग नवरात्रात कोणी आजारी पडलं की परत कर्ज. माझ्या वहीत जून, जुलै आणि ऑगस्टची कर्जाची पानं सगळ्यात भरलेली असतात, आणि कारणाच्या रकान्यात बहुतेकींचं एकच, घरखर्च.

सासूबाई सांगतात त्यांच्या लहानपणी भाताच्या मुड्या बांधायचे पेंढ्यात. खायच्या मुड्या वेगळ्या आणि बियाण्याची मुडी वेगळी, ती माळ्यावर. वैशाखात खायचं भात संपलं तर नाचणीची भाकरी खाल्ली, कुळथाची पिठी खाल्ली, शेजारनं पायलीभर उसनं आणलं, पण बियाण्याच्या मुडीची गाठ सोडायची नाही. तुलना अगदी शंभर टक्के जुळत नाही, बियाणं कधी लागणार ते माहीत असतं, पण हात न लावायची सवय तीच. तर अडीनडीचे पैसे म्हणजे बियाण्याची मुडी धरा, बाकी सगळी आगोट.

आता आकडे, कारण आकड्याशिवाय हे सगळं कीर्तन होतं. आमच्यासारखंच एक घर धरा, वर्षाला १,८०,००० येतात. कागदावर महिन्याला १५,००० दिसतात पण खरं काय तर दहा महिने १७,००० आणि बंदीचे दोन महिने शिवणकामाचे वगैरे ५,०००. आता पूर्ण खर्च किती होतो ते बघू नका, अंग मोडून पडलो तर कमीत कमी कितीत घर चालेल ते बघा. किराणा ४,०००, गॅस-लाईट-मोबाईल १,८००, दूध-भाजी १,५००, सासूबाईंच्या गोळ्या ७००, मुलांची शाळेची रिक्षा १,२००, गटाचा कर्जाचा हप्ता १,३००. झाले १०,५००. ह्यात नवीन कपडे नाहीत, चिकन नाही, लग्नाचा आहेर नाही. हप्ता मात्र आहे, कारण आजारी पडलं म्हणून हप्ता थांबत नाही, आणि हा आकडा लोक हमखास विसरतात.

तीन महिन्यांचे झाले ३१,५००. ही आपली मुडी. सहा महिन्यांचं मी बोलतच नाही, ज्याच्या घरात दोन वेगवेगळी उत्पन्नं आहेत, म्हणजे एक समुद्रावरनं आणि एक जमिनीवरनं, त्याला तीन महिने चालतात असं माझं मत आहे. पण दोघांचंही एकाच बोटीवर अवलंबून असेल, तो बोटीवर आणि ती त्याच बोटीची मासळी विकते, तर मात्र चार-पाच महिन्यांचं बघा, कारण बोट किनाऱ्याला लागली की दोन्ही चुली एकदम विझतात.

३१,५०० ऐकून घाबरायला होतं. म्हणून पहिली पायरी फक्त ५,०००. पाचच का, तर अर्ध्या रात्री तालुक्याला गाडी करून न्यायचं, केसपेपर, दोन टेस्ट, सलाईन, एक रात्र कोणीतरी सोबत राहणार त्याचं जेवण, इतकं त्यात निभतं. १०८ ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे आणि पहिला फोन तिलाच करायचा, पण ती येते न्यायला, परत आणायला आपली आपण गाडी. आम्ही सासूबाईंना मुंबईला हलवलं तेव्हा खाजगी गाडीवाल्याने साडेनऊ हजार घेतले आणि ते आधी हातात ठेवल्याशिवाय चावी फिरवली नाही. त्या रात्री आमच्याकडे घरात अकराशे रुपये होते. बाकीचे कोणाकोणाकडनं जमवले ती नावं मला अजून पाठ आहेत.

आता आणायचे कुठून. आधी बेगमीचं गणित करून टाकू, नाहीतर मुडी टिकणार नाही. बंदीच्या दोन महिन्यांत लागणार २१,०००, येणार १०,०००, म्हणजे तूट ११,०००. शाळेचे ३,०००, छप्पर ४,०००, गणपती ८,००० (तुम्ही कितीचं करता ते तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही). एकूण २६,०००. दहा महिन्यांत भागले तर महिना २,६००. हे आधी बाजूला. १७,००० तनं १०,५०० घरखर्च आणि २,६०० बेगमी गेली की उरले ३,९००, त्यात कपडे, प्रवास, दुखणी-खुपणी, आहेर, पोरांचे हट्ट. त्यातनं ७०० मुडीला निघतात. निघतात म्हणजे आधी काढले तरच निघतात, महिन्याच्या शेवटी काय उरतं ते टाकू म्हणालात तर सात रुपये पण उरत नाहीत, मी करून बघितलंय.

दहा महिने ७०० म्हणजे वर्षाला ७,०००. पहिले ५,००० आठ महिन्यांत होतात. पूर्ण ३१,५०० ला साडेचार वर्षं लागतात. हो, लागतात, कोण सहा महिन्यांत होतील म्हणत असेल तर त्याचा पगार वेगळा आहे. पण एक वाट आहे, ठोक रक्कम. कधी कोळंबी चांगली लागते आणि वाटा दुप्पट येतो, कधी काजू बीला भाव मिळतो, आमची आंब्याची आठ कलमं आहेत ती एक वर्षाआड धरतात, त्याची पट्टी मी वरच्या हिशोबात धरलेलीच नाही. मागच्या धरत्या वर्षी खर्च जाऊन १८,००० आले. माझा नियम असा की ठरलेल्यापेक्षा जास्त काहीही आलं की तिसरा हिस्सा मुडीला, त्याच दिवशी. म्हणजे ६,०००, एक वर्षाआड. तेवढ्यानेच साडेचारचं तीन-सव्वातीन वर्षांवर येतं. आणि उरलेल्या दोन हिश्श्यांचं घरच्यांनी काहीही करावं, मी हूं की चूं करत नाही, म्हणून तर तिसऱ्या हिश्श्याला कोणी हरकत घेत नाही.

सावकाराचं कर्ज डोक्यावर असेल त्यांनी मात्र पहिले ५,००० जमले की थांबायचं आणि आधी ते कर्ज मारायचं. महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के होतात. वीस हजार घेतले तर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज, दहा महिन्यांत दहा हजार दिले तरी वीस हजार तिथेच उभे. गटात शेकडा दोनने तेच ४०० पडतात. ह्यावरनं अजून एक कळतं. बायका विचारतात की वैनी, खात्यात पैसे ठेवून व्याज किती मिळतं, पोस्टाच्या बचत खात्यात चार टक्के, वीस हजारावर वर्षाला आठशे, मग तोंड वाकडं करतात. अगं पण ते वीस हजार होते म्हणून सावकाराचे दहा हजार वाचले ते कुठे लिहिलंस?

ठेवायचे कुठे, ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच घोळ होतात.

थोडे घरात पाहिजेतच, दोन-तीन हजार, आणि शंभर-दोनशेच्या नोटांत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे दापोली-मंडणगड भागात आणि खाडीपलीकडे श्रीवर्धनकडे माडा-पोफळींसकट विजेचे खांब आडवे झाले. कितीतरी दिवस लाईट नाही, टॉवर बंद, एटीएम बंद. मोबाईलमध्ये बॅलन्स होता हो, पण मोबाईलच चार्ज नव्हता. मेणबत्ती, पत्रा, ताडपत्री, जनरेटरवर मोबाईल चार्ज करून देणारा, सगळे रोख मागत होते. पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणचा पूर. म्हणजे आपल्या किनाऱ्याला ही काय कधीतरीची गोष्ट राहिलेली नाही, यूपीआयवर भरवसा ठेवून सगळं खात्यात टाकणं परवडत नाही. फक्त नोटा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आपल्याकडे दमटपणाने बुरशी येते आणि लाकडी कपाटात वाळवी. माझ्या चुलत सासूबाईंनी साडीच्या घडीत ठेवलेल्या पाचशेच्या चार नोटांची वाळवीने जाळी केली होती.

बाकीचे खात्यात, पण रोजच्या खात्यात नाही. वेगळं खातं, ज्याला गूगल पे जोडलेलं नाही आणि ज्याचं एटीएम कार्ड पाकिटात फिरत नाही. जनधनचं पडून असेल तर तेच वापरा, त्यात किमान शिल्लक ठेवायची अट नाही. पोस्टात ५०० रुपयांत खातं निघतं. नवरा-बायको दोघांच्या नावावर, "दोघांपैकी कोणीही" असं लिहून घ्या म्हणजे एकजण दवाखान्यात असला तरी दुसऱ्याला काढता येतात, आणि नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. वर्षातनं एकदा तरी थोडे भरा किंवा काढा, दोन वर्षं काहीच हालचाल नसली तर बँकेत खातं निष्क्रिय होतं आणि मग ऐन वेळी केवायसी करत बसा. दहाएक हजार झाले की त्यातले एफडीत टाकायला हरकत नाही पण एक मोठी नको, तीन-तीन हजारांच्या छोट्या करा, गरज लागली तर एकच मोडायची.

पोस्टाची आरडी चांगली आहे, १०० रुपयांपासून होते, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. वर्षभर हप्ते भरले की जमलेल्यातल्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं तेवढंच. म्हणून आरडी मुलीच्या कॉलेजला ठेवा, अडीनडीला नको.

पतसंस्थेबद्दल लोकांना राग येतो पण सांगते. पिग्मीवाला रोज दारात येतो, ओळखीचा असतो, पन्नास रुपये पण घेतो, हे सगळं खरं आणि त्यामुळे बचत होते हेपण खरं. पण बँकेत, अगदी सहकारी बँकेतसुद्धा, एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, २०२० च्या फेब्रुवारीपासून ५ लाख झाला, आधी १ लाख होता. पतसंस्थेला हा विमा नाही. "बँक" आणि "पतसंस्था" ह्या दोन पाट्यांतला फरक एवढा मोठा आहे. माझ्या मावशीचे एका पतसंस्थेत चाळीस हजार अडकलेत, चार वर्षं झाली, चेअरमन रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. म्हणून पिग्मी करायची तर करा, पण दर दोन-तीन महिन्यांनी नियमात बसेल तशी काढून बँकेत टाका.

भिशी ठरलेल्या खर्चाला छान, गणपतीला, फ्रिजला. अडीनडीला नाही, कारण तुमचा नंबर मार्चमध्ये आणि पाय मोडला ऑक्टोबरमध्ये. सोनं अडीअडचणीलाच असतं म्हणतात, आहे, पण रविवारी रात्री ते कोण गहाण घेतं, आणि मंगळसूत्र बँकेत ठेवून आलेली बाई घरी कशी वावरते ते मी बघितलंय. ते शेवटचं. आणि मुंबईचा भाऊ म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात जुना इमर्जन्सी फंड, पण त्याचे पण हप्ते असतात हो, डोंबिवलीच्या खोलीचे, तो सांगत नाही एवढंच.

मुडी छोटी असली तर तिला टेकू म्हणून विमा घ्या. अपघाताचा सरकारी विमा वर्षाला २० रुपये, आयुर्विमा ४३६ रुपये, दोन्हींत २ लाख. दोन्ही मिळून ४५६, आणि ते मे अखेरीला खात्यातनं कापले जातात, नेमकं तेव्हा खातं कोरडं असलं तर विमा बंद पडतो आणि कोणाला कळत पण नाही. बोटीवर जाणाऱ्यांनी मच्छीमार सोसायटीत मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्यात नाव आहे का ते विचारा, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख मिळतात आणि हप्ता आपल्याला भरायचा नसतो. मोठ्या आजाराला महात्मा फुले योजना आहे, ५ लाखांपर्यंत, पण ठरलेल्याच हॉस्पिटलमध्ये आणि ठरलेल्याच उपचारांना. तिथवर जायचं गाडीभाडं, सोबतच्याचं खाणं आणि त्या दिवसांत बुडालेली मजुरी योजनेत नाही, ती मुडीतनं.

मुडी सोडायची कधी, ह्यावर घरात भांडणं होतात म्हणून आधीच ठरवून टाका. मी एकच विचारते, हे आत्ता नाही केलं तर कोणाच्या जिवाला किंवा उद्याच्या कमाईला धक्का लागतो का? शिलाई मशीन बिघडली तर हो. टीव्ही बिघडला तर नाही. फ्रिज बिघडला तर साधारण नाही, पण तुम्ही मासे विकत असाल आणि बर्फाची पेटी नसेल तर हो. चुलत दिराच्या मुलाचं लग्न, नाही. घरातलं कोणी गेलं आणि बाराव्याचं जेवण, ह्यावर मी अजून अडते. गाव जेवलं नाही तर बोलतं, पण गावाला जेवू घालून पोरांची फी थकवायची हे पण मला पटत नाही. आम्ही सासऱ्यांच्या वेळी घरच्यापुरतं केलं, चार लोक बोलले, पाचव्या महिन्यात विसरले.

आणि पैसे आहेत हे सांगत फिरू नका. कोणी मागायला आलं की खोटं बोलायची गरज नाही, "बांधून ठेवलेत" म्हणायचं, खरंच बांधलेले असतात.

ती रील दाखवणारी, तिने त्या मीटिंगनंतर महिन्याला ३०० टाकायला सुरुवात केली, मधे शिमग्याला नवऱ्याचा वाटा बरा आला त्यातनं पंधराशे टाकले. आता परवा गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा पेरूच्या झाडावरनं पडून हात मोडून बसला. एक्सरे, प्लास्टर, दोनदा तालुक्याला जाणं. ह्या मीटिंगला आली तेव्हा चेहरा पाडूनच बसली, म्हणाली वैनी, सगळे संपले, १९० राहिलेत खात्यात, आता परत पहिल्यापासून. मी वही उघडली, त्या महिन्यात कर्ज मागितलेल्या सात जणी होत्या, त्यांची नावं वाचली. तिचं त्यात नव्हतं. तिने पदरातनं तीनशे रुपये काढले आणि विचारलं, उद्या बँक किती वाजता उघडते.